सारवलेलं कोर्ट

"ए पोरी, खाली उतर. कोर्ट खराब होतं."

वकीलसाहेब ओरडले तेव्हा माझा एकच पाय पांढऱ्या रेघेच्या आत होता. अनवाणी. चेंडू घरंगळत माझ्याकडे आला होता, तो द्यायला गेले होते. दहा वर्षांची असेन. जळगावातल्या साहेबलोकांच्या क्लबात. ते पुढे म्हणाले, "तुम्ही सारवायचं. वर चालायचं नाही, कळलं?"

तुम्ही म्हणजे कोण, ते मला बरोबर कळलं. जात कुणी विचारली नव्हती. विचारायची गरजच काय?

शेजारच्या कोर्टावर माझी माय पोतेरं घेऊन वाकली होती. तेव्हा क्लबाची टेनिसची कोर्टं मातीची, वर शेणकाला. आमच्या वस्तीतल्या चार बायका मेहरूणच्या गोठ्यांतून शेण आणायच्या आणि दर आठवड्याला सारवायच्या. मागे मागे सरकत, म्हणजे पावलाचा ठसा उमटायला नको. काला जाड पडला की चेंडू बसतो, पातळ पडला की वेडावाकडा उडतो, हे माय मला भाकरी थापता थापता सांगायची. त्या बाईनं जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती.

वकीलसाहेबांची मुलगी माझ्याच वर्गात. ती धावत आली. "ती बाई तुझी आई आहे का गं?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या गल्लीतली आहे."

माय चार हातांच्या अंतरावर होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही. तोंड तेवढं पलीकडे फिरवलं आणि सारवत राहिली. वकिलाचा संताप मला आजही येतो. पण जीव जळतो तो माझ्या त्या "नाही"नं. त्या दिवसानंतर क्लबाच्या आसपास मी दिसले की मायच अनोळखी व्हायची. माझं खोटं तिनं सांभाळलं. लिहिताना लाज वाटते. वाटू दे.

शिकले. तिच्याच जिवावर शिकले. आता कॉलेजात इतिहास शिकवते. यंदा क्लबाची स्मरणिका निघायची होती आणि ती वर्गातली मुलगी आता क्लबाची अध्यक्ष. घरी आली, चहा प्यायली, म्हणाली, "टेनिसचा इतिहास तूच लिही. पार सुरुवातीपासून." माय आतल्या खोलीत होती. मी तिला बाहेर बोलावलं नाही.

लेख लिहिला. झकास लिहिला. फ्रान्समधल्या मठात साधू तळहातानं चेंडू मारायचे, तिथून सुरुवात केली. मग हातमोजे आले, मग आतड्याची तात ओढलेली रॅकेट. राजेलोकांनी या खेळासाठी बंदिस्त दालनं बांधली. पुढे गवतावर उसळणारा रबरी चेंडू निघाला, तसा इंग्रजांनी खेळ हिरवळीवर आणला आणि त्यांच्या साहेबांबरोबर तो आपल्याकडे आला. खानदेशच्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला? "म्हणून येथे मातीची कोर्टे तयार झाली," असं मी लिहिलं. झाली म्हणे! आपोआप! फ्रान्समधल्या कुठल्या साधूचा तळहात मला दिसला, आणि ज्या हातांनी मला भरवलं ते दिसले नाहीत.

मायला वाचून दाखवला. भिंतीला टेकून तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "बठ्ठं लिखं बेटा. आम्ही कोठे शेतस त्यामा?"

"जागा कमी होती, माय."

"हाव," ती म्हणाली. तेवढंच.

मी तिथेच खचले. पन्नाशीची बाई, प्राध्यापक, आणि दुसऱ्यांदा तेच केलं. या वेळी तर दटावायला वकीलही नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेखात मायसकट सारवणाऱ्या चौघींची नावं घातली. कोर्ट कशानं बनायचं, कोण बनवायचं, सगळं लिहिलं आणि क्लबाच्या ऑफिसात गेले. अध्यक्षीणबाईंनी वाचलं. "छान आहे गं. पण शेणाबिणाचं नको ना. बाहेरचे पाहुणे येणार. आणि असली नावं कुठे घालतात? कर्मचारीवृंद म्हण, सगळेच आले त्यात."

"यातली यमुनाबाई माझी आई आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण तू तर तेव्हा..."

"खोटं बोलले होते."

"जाऊ दे गं. लहान होतीस."

ही सूट मला नको होती. तिच्या बापाचं बोलणंही तिनं त्याच "जाऊ दे"मध्ये उरकून टाकलं असतं. मी टेबलावरचे कागद उचलले. "नावं नसतील तर लेख नाही. साधूंपासूनचा एक शब्दही नाही."

"अगं, उद्या छापायला द्यायचंय!"

"मग पान कोरं सोडा."

कागद पिशवीत घालून बाहेर पडले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. इतकी वर्षं लावली या एका वाक्याला, हेच डोक्यात घुमत होतं.

घरी येऊन मायला सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, "भलता उशीर कया तू. सुपडाबाई गयी. कासाबाई गयी."

बरोबर बोलली. मायशिवाय उरली ती एकटी भिकूबाई, एरंडोलला लेकीकडे असते. येत्या रविवारी मायला घेऊन एसटीनं तिच्याकडे जाणार आहे. दोघी सांगतील तसं उतरवून घेईन, आणि कुणी छापो न छापो, मी स्वतः छापीन. वकीलसाहेबांचं बोलणं त्यात येईल, शब्द न बदलता. त्याच्या आधी माझं ते "नाही" येईल. मायची माफी मी अजून मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकील आणि मी मोकळी होईन. मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही. आधी लिहायचंय, चौघींच्या नावानिशी.