भित्र्या श्रोत्याची कॅसेट

गाण्याच्या बैठकीत महिपतराव नेहमी कडेला बसत, आणि पायांतील वहाणा मांडीखाली घेऊन बसत. उठून पळण्याची वेळ आली तर वहाणा शोधण्यात क्षण दवडू नये, एवढाच त्यामागचा विचार. ते पुराला भीत, विजेला भीत, परगावच्या कुत्र्यांना भीत. तहसील कचेरीतल्या चपराशालाही ते 'साहेब' म्हणत आणि उत्तर देताना टोपी काढीत. भय हा काहींच्या स्वभावाचा अलंकार नसतो, त्यांची त्वचाच असते. महिपतरावांचे तसे होते. आणि अशा माणसाने उभे आयुष्य रान तुडवीत एका गाण्याच्या मागे घालविले, ही त्यांच्या चरित्रातली विलक्षण गोष्ट.

पैनगंगेच्या अलीकडे त्यांचे गाव. कापूस आणि ज्वारीची बेताची शेती. तरुणपणी हरवलेला बैल शोधीत ते इंद्रवेल्लीच्या पलीकडच्या एका गुड्यात, म्हणजे गोंडांच्या वस्तीत, पोचले. तेथे थोरला दौलत आणि धाकटा चंपत हे दोघे भाऊ गात होते. ते जातीने प्रधान, गोंडांचे वंशपरंपरेचे गायक. घरी मराठी बोलणारे; गाताना मात्र गोंडी. हाती किकरी. तीन तारांचे, बकऱ्याच्या कातड्याने मढविलेले आणि घोड्याच्या केसांच्या गजाने वाजणारे ते वाद्य माणसाच्या कंठाला इतके जवळचे, की गाणारा कोठे थांबला आणि तार कोठे सुरू झाली हे कळू नये. बैल दुसऱ्या दिवशी आपणहून घरी परतला. महिपतराव तिसऱ्या दिवशी परतले.

त्यानंतर त्या भावांचे गाणे जेथे असेल तेथे महिपतराव जात. दिवाळीतला दंडारीचा नाच असो, देवकार्य असो, कोणाचा बारावा असो. त्यांच्यासारखे आणखी काही नेमाचे श्रोते होते. कोठल्या गुड्यात गाणे कसे वळले याची चर्चा ते बाजारात भाजी घेण्याचे विसरून करीत. कारण गाण्याची कथा ठरलेली असे, परंतु वाट ठरलेली नसे. कथेतला वीर घोड्यावरून नदी ओलांडतो. एखाद्या वेळी तो घोडा टाप न थांबविता पाण्यात शिरे, तर एखाद्या वेळी काठावरच इतका घुटमळे, की दोन किकऱ्या एकमेकींना विचारीत, परस्परांना उत्तरे देत, दुपारची सांज करीत. दोन बैठकी कधी सारख्या झाल्या नाहीत. महिपतरावांना गोंडी येत नव्हती. शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. घोडा कोठे आहे हे मात्र ठाऊक असे. जुन्या आचार्यांनी ज्याला सहृदय म्हटले आहे, तो हाच असावा.

"कापूस येचाले माणूस भेटत नाई, अन् हे निघाले घोडा पाह्याले," पत्नी बयनाबाई म्हणत. "त्या घोड्यालेच इचारा, निंदणाले येतो काय!"

एक्याऐंशी सालानंतर रानातल्या वाटा बदलल्या. इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केल्यानंतर चार माणसे एकत्र बसली की कोणीतरी त्यांच्याकडे दुरून पाही. खांद्याला पिशवी असलेल्या वाटसरूला दिवसा खाकीतले अडवीत आणि दिवस मावळता दुसरे कोणी, रानातले बंदूकवाले, अडवीत. दोघांचा प्रश्न एकच असे: कोणाकडे चाललास? महिपतराव दोघांनाही "गाणं आयकाले" असे खरे उत्तर देत, आणि ते उत्तर इतके अविश्वसनीय होते, की देताना ते टोपी काढून हाती धरीत. तरीही ते जात. परतल्यावर त्यांना ताप येई.

एका हंगामात कापूस बरा गेला तेव्हा त्यांनी आदिलाबादेत टेपरेकॉर्डर घेतला. दुकानदाराने बजावले, की आवाज कायमचा ठेवायचा असेल तर कॅसेटीच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारीक तुकडा मोडून टाकावा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे भरले जात नाही. त्या दिवाळीत त्यांनी दोघा भावांचे गाणे भरून घेतले. तो तुकडा मात्र मोडला नाही. मोडताना कॅसेटच फुटली तर, ही भीती.

पुढच्या पावसाळ्यात दौलत हिवतापाने गेला.

चंपत महिपतरावांच्या घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "महिपतदादा, त्या डबीत माहा भाऊ हाये. आत्ता मले आयकवत नाई. वरीस सरू दे, मंग आयकीन. तवर तू सांभाळ."

महिपतरावांनी आयुष्यात इतकी मोठी ठेव कधी सांभाळली नव्हती. उंदीर, आग, ओल या साऱ्यांच्या भयाने ते ती कॅसेट घरी ठेवीनात. टेपरेकॉर्डरमध्येच घालून, उपरण्यात गुंडाळून, जातील तेथे पिशवीत वागवू लागले.

दिवाळी आली. चंपत प्रथमच एकटा गायला बसला आणि भर दुपारी पोलिसांची जीप आली. माणसे कुडांमागे पांगली. महिपतरावांनी वहाणा हाती घेतल्या. पण उठेपर्यंत शिपाई त्यांच्यापुढे उभे होते. पिशवीत यंत्र सापडले. गाणारा आणि यंत्रवाला, दोघांना जंगलातल्या रस्त्यावरच्या चौकीत आणण्यात आले.

चौकीचा अधिकारी नवा होता, आंध्रच्या किनाऱ्याकडचा. त्याला ना गोंडी येत होती, ना मराठी. तो क्रूर नव्हता. पण सावध होता, आणि सावध माणसाचे भय अधिक वाटते.

"क्या गाता है ये?" त्याने विचारले.

"देव का गाना है, साब," महिपतराव म्हणाले.

"देव का नाम लेते हैं, बीच में सरकार के खिलाफ नया गाना जोड़ते हैं. हमको खबर है."

महिपतरावांच्या भयाने त्यांच्या तोंडून उत्तर काढले. "नहीं साब! नया कुछ नहीं! बाप के जमाने से वही का वही. हर बार वही. जरा भी इधर का उधर नहीं होता."

चंपतने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. जन्मभराच्या श्रोत्याने भर चौकीत आपल्याला शिवी द्यावी, तसे ते पाहणे होते.

"हर बार वही?" अधिकाऱ्याने टेपरेकॉर्डरकडे बोट केले. "इसमें क्या है?"

"वही गाना, साब. पिछली दिवाली का," महिपतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना कळले, की आपण काय केले.

अधिकारी हसला. "ठीक है. पहले ये गाएगा. टेप बाद में सुनेंगे. पहले सुनाया तो नकल करेगा. दोनों एक जैसे निकले, तो घर जाओ. नहीं निकले, तो इसको आज ही जीप में आगे भेजता हूँ."

'आगे' म्हणजे काय, हे त्या रानात सर्वांना ठाऊक होते. त्या गुड्यातला एक जण आगे गेला होता; परतला तेव्हा दोन काठ्यांवर चालत होता.

चंपत किकरीच्या खुंट्या पिळू लागला. गजाला राळ लावताना तो खाली वाकला आणि मराठीत पुटपुटला, "काऊन असं बोलला तू? मले तेच ते वाजवता येते काय?"

"जमव ना बापा. आजच्या दिस जमव."

"दौलतदादा कोन्या वाटेनं गेलता, ते मले याद नाई. माहा हात माह्या वाटेनं जाईन. तुले तं ठावं हाये."

"बातें बंद," अधिकारी म्हणाला.

महिपतरावांना ठावे होते. याच एका गोष्टीसाठी त्यांनी पूर ओलांडले होते, ताप सोसले होते: की हा हात त्याच वाटेने दुसऱ्यांदा जात नाही. आज ते देवाची करुणा भाकत होते, की तो एकदा तसाच जावो.

यंत्र अजून त्यांच्याच मांडीवर होते, फीत आरंभाला आणलेली, वर उपरणे. चंपतने पहिला सूर लावला. पुढे कित्येक वर्षे महिपतराव सांगत, "म्या काई ठरवलं नवतं. हात थरथर कापून राह्यले होते. दोन खटके एकाच टायमाले दबले." तसे असेलही. परंतु दोन खटके एकदम दाबले म्हणजे यंत्र आवाज भरू लागते, आणि भरता भरता जुने पुसत जाते, हे त्यांना माहीत होते. उपरण्याखाली चकत्या फिरू लागल्याचे बोटांना जाणवले. खटका वर घ्यायला एक बोट पुरे होते. त्यांनी ते उचलले नाही.

आता भये दोन झाली. एक समोर, टेबलापलीकडे बसलेले. दुसरे मांडीवर, जेथे दौलतचा एकेक श्वास नाहीसा होत होता.

चंपत गात होता. आरंभी त्याने भावाची चाल आठवून पाहिली. किकरी अडखळली, जणू दुसऱ्याच्या वहाणा घालून चालत आहे. मग नदी आली आणि हात त्याच्या वाटेने गेला. दौलतचा घोडा गेल्या दिवाळीत सरळ पाण्यात शिरला होता. चंपतचा काठावर थांबला; पाणी हुंगू लागला, मागे वळला, पुन्हा आला. इतके सुंदर घुटमळणे महिपतरावांनी पूर्वी ऐकले नव्हते आणि ते ऐकताना त्यांच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती.

"नागनाथ! चाय ला. दो," अधिकारी मोठ्याने म्हणाला.

महिपतरावांना उमगले: ही हाकही उपरण्याखाली फितीवर भरली गेली होती.

नागनाथ हा चौकीतला शिपाई, याच सीमेवरच्या गावचा, मराठी बोलणारा. चहाचे पेले ठेवताना तो वाकला, त्याची नजर उपरण्याच्या सुटलेल्या टोकाखाली दबलेल्या लाल खटक्यावर गेली आणि तेथेच थोडी रेंगाळली. तो मागे सरकून भिंतीला टेकून उभा राहिला.

"बस," थोड्या वेळाने अधिकारी म्हणाला. घोडा अजून काठावरच होता. "अब टेप लगाओ."

महिपतरावांनी खोकून खटका उचलला. "उलटा फिराना पड़ता, साब. सेल बचाने को पेन्सिल से फिराता मैं." पेन्सिल नागनाथने दिली, जरा सावकाश दिली. कॅसेटीच्या दात्यांत पेन्सिल घालून महिपतराव ती गरगर फिरवू लागले. दोनदा पेन्सिल खाली पडली.

यंत्र टेबलावर पेल्यांशेजारी ठेवून त्यांनी टेप सुरू केली. आरंभीचे अडखळणे आले. अधिकाऱ्याने डोळे बारीक केले. नदी आली, घोडा थांबला, पाणी हुंगू लागला. अधिकारी मान हलवू लागला. चंपतने प्रथम आश्चर्याने वर पाहिले; मग आपलाच ताजा हात ओळखला; मग त्या फितीवर आधी कोण होते हे त्याला आठवले, आणि त्याने मान खाली घातली.

घोडा मागे वळला. महिपतराव जाणत होते: तो पुन्हा काठाशी आला, की ती हाक येणार. टेबलावरचे रिकामे पेले त्यांना दिसत होते. घोडा काठाकडे निघाला.

नागनाथ पेले उचलायला पुढे आला, आणि उचलता उचलता त्याच्या अंगठ्याने खटका दाबला. यंत्र थांबले.

"मिल गया साब. बिल्कुल मिल गया."

अधिकाऱ्याने क्षणभर नागनाथकडे पाहिले, क्षणभर यंत्राकडे. मग त्याने जांभई दिली. "हाँ. वही का वही. रोज कैसे सुनते हैं ये लोग? जाओ. और भीड़ मत जमा करो."

परतीच्या वाटेवर चंपत पुढे आणि महिपतराव मागे. तो आता विचारील, आता विचारील, या भयाने त्यांचे पाऊल जड झाले होते. गुडा दिसू लागला तेव्हा चंपत थांबला.

"दादा पुसला गेला नं?"

"हो."

तो सागाच्या बुंध्याला टेकला. मग म्हणाला, "डबीचा राग नाई मले. पण तू त्याईच्याम्होरं म्हनला, का मी तेच ते गातो. त्याचा हाये."

तो राग एक वर्ष टिकला. त्या वर्षीही महिपतराव प्रत्येक गाण्याला गेले. मात्र अधिक कडेला बसले.

पुढे वर्षे सरत गेली, नव्वदी आली. त्या रानातले भय कमी-अधिक होत राहिले. मावला गावच्या बाजारात कधी नागनाथ भेटे आणि दुरूनच विचारी, "काय महिपतभाऊ, च्या सांगू? दोन?" महिपतरावांचा चेहरा पांढरा पडे, आणि नागनाथ मनसोक्त हसे. ती कॅसेट मात्र त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. ती हाक पुन्हा ऐकण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते.

पंच्याण्णवच्या सुमारास चंपत त्यांच्या ओसरीवर आला. हाताला कंप सुटला होता; किकरी आता घरी टांगलेली असे. "लाव ते डबी," तो म्हणाला. "माहा हात कसा होता, ते तरी आयकू दे."

"लावा एकडाव," बयनाबाई आतून म्हणाल्या. "का तिले बी भेता?"

महिपतरावांनी लावली. अडखळणे आले, नदी आली, घोडा घुटमळला. मग चौकीतला तो आवाज: नागनाथ! चाय ला. दो. महिपतरावांचा हात आपोआप खटक्याकडे झेपावला. चंपतने त्यांचे मनगट धरले.

"आता कोनाले भेतं?"

किकरी काही वेळ आणखी वाजली. 'बस' असा शब्द आला. खोकला, खट्ट. आणि त्या खटक्याच्या मागून, अर्ध्या श्वासातून, दौलत गाऊ लागला.

जेथवर चंपतने त्या दिवशी वाजविले, तेथवरच तो पुसला गेला होता; त्यापुढे टेप कोणी चालू दिलीच नव्हती. चंपतचा घोडा काठावर राहिला होता. दौलतचा केव्हाच पैलतीरी पोचून उधळला होता, आणि मागे धाकट्या भावाची किकरी त्याला गाठण्यासाठी धावत होती.

चंपतने मनगट सोडले नाही. बयनाबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. महिपतराव मात्र यंत्राच्या काचेतून दिसणाऱ्या चकतीकडे पाहत होते: फीत किती उरली आहे, आणि ती किती वेगाने सरते आहे.