कानातली सुई

सोळा नोव्हेंबर. शिवणकामाच्या ओळीत बेचाळीस जणी, त्यांच्यावर एक मुकादम आणि सुयांच्या खिडकीमागे एक बाई. मिळून चव्वेचाळीस जीव.

खिडकीमागच्या बाईला सगळ्या सुईबाई म्हणत. कारखाना तान्ह्या बाळांच्या कपड्यांचा होता, आणि तिथे एक नियम सर्वांना सारखा होता. यंत्राची सुई मोडली की तिचे सगळे तुकडे खिडकीवर आणून द्यायचे. सुईबाई ते वहीत चिकटपट्टीखाली जुळवून पाही. टोकापासून बुडापर्यंत सुई पुरी भरली, तरच नवी मिळे. तुकडा कमी पडला तर ती स्वतः लोहचुंबक घेऊन यंत्राशी जाई. एकोणीस वर्षांत तिच्या वहीत एकही तुकडा बेवारशी राहिला नव्हता.

"या वहीतून मुंगीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय जायची नाही," असं चिमणी म्हणायची. चिमणी म्हणजे ओळीतली सर्वांत तोंडाळ शिवणारी. जिभेला हाड नव्हतं, पण तिची शिवण अशी सरळ की मुकादमही बोट फिरवून बघे. जानेवारीत ती कामावर कायम होणार होती.

सुईबाईला एक्कावन्नावं वर्ष लागलं आणि पाळी आधी चुकू लागली, मग थांबली. जाताना ती झोपही बरोबर घेऊन गेली. डोळा लागतो न लागतो तोच अंगाची लाही व्हायची, उशी घामाने भिजायची, आणि मग पहाटेपर्यंत नुसती कूस बदलत राहायचं. नवऱ्याला तिने पित्ताचं कारण सांगितलं. थोरल्या नणंदेपुढे मात्र ते टिकलं नाही.

"वहिनी, काजळ डोळ्यांच्या खाली घालायची नवी तऱ्हा आली वाटतं?"

"कामाचा ताण आहे हो, वन्सं."

"ताण म्हणे! मलाही दोन वर्षं होता हा ताण. पंखा इतका जोरात लावायचे की यांना बिचाऱ्यांना स्वेटर घालून झोपावं लागायचं."

नणंदेनेच तिला एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत नेलं. "जन्मभर सुया मोजल्यास, आता थोड्या टोचूनही घे," असं म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर जिनाभर हसली. वर पडद्यांआड चार खाटा होत्या आणि ॲक्युपंक्चर करणारी एक मितभाषी डॉक्टरीण. "काहींना याने झोप लागते, काहींना नाही लागत. मी वचन देत नाही," ती म्हणाली. मनगटावर, घोट्याशी, भुवयांच्या मधोमध तिने केसासारख्या बारीक सुया टोचल्या. वीस मिनिटांनी त्या काढताना मोठ्याने मोजल्या: घातल्या अकरा, निघाल्या अकरा. हे मोजणं ऐकून सुईबाईला पहिल्यांदा तिच्यावर विश्वास बसला.

निघताना डॉक्टरणीने तिच्या डाव्या कानाच्या पाळीत चपट्या वळ्याची एक इवलीशी सुई बसवून वर पट्टी लावली. "ही तीन दिवस राहू दे. झोपताना हलकी दाबायची. मग मला परत आणून द्यायची." सुईबाईने केस कानावर ओढून घेतले. ओळीवर अंगावर धातू बाळगायला बंदी होती, आणि ही बंदी इतरांना वाचून दाखवायचं काम तिचंच होतं. पण पट्टी दाखवली असती तर ती कशासाठी, हेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी, सोळा नोव्हेंबरला, चिमणीच्या यंत्राची सुई मोडली. टोक सापडेना. सुईबाई चुंबक घेऊन झबल्यांच्या ढिगावर वाकली आणि नेमकी तेव्हाच अंगातून ती वाफ उसळली. घामाच्या धारा मानेवर आल्या. तिने खांद्याला कान पुसला, टोक शोधलं, वहीत जुळवलं, चिमणीला नवी सुई दिली.

तासाभराने कपड्यांतला धातू शोधणारं यंत्र ओरडलं. चिमणीच्या गठ्ठ्यातल्या एका झबल्याच्या गळ्यात चपट्या वळ्याची इवलीशी सुई निघाली.

मुकादमाने ओळ थांबवली. "हे कुठल्या यंत्राचं?"

ते कुठल्याच यंत्राचं नव्हतं. सुईबाईचा हात कानाकडे गेला. पट्टीची एक कड सुटून लोंबत होती. तिने ती बोटाने उचलली आणि मुठीत चुरगाळली.

"कुणाच्या तरी पिनेचा तुकडा दिसतोय," मुकादम म्हणाला. "चिमणे, डोक्याच्या रुमालाला टाचणी लावतेस म्हणून तुला दोनदा बजावलंय."

"साहेब, आज रुमालच नाही डोक्याला! आता काय केसांना टाचणी लावू?" ओळ हसली. मुकादम हसला नाही. "मावशी, तुम्हीच सांगा की. तुम्ही माझ्याच यंत्रावर वाकला होता. होती का टाचणी?"

सुईबाईला एकच वाक्य म्हणायचं होतं. ते बेचाळीस बायकांसमोर नि एका पुरुषासमोर म्हणायचं होतं. तिला तिचे पांढरे होत चाललेले केस, ओला झंपर, थांबलेली पाळी हे सगळं ओळीवरच्या दिव्यांखाली उघडं पडल्यासारखं वाटलं.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

"नाव लिहा, बाई," मुकादम म्हणाला.

तिने चिकटपट्टीखाली ती सुई बसवली आणि शेजारी आपल्या रेखीव अक्षरात चिमणीचं नाव लिहिलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरणीने विचारलं, "कानातली कुठे आहे?" "न्हाणीघरात पडली," तिने सांगितलं. डॉक्टरणीने "जपायला हवं होतं" एवढंच म्हटलं आणि दुसरी सुई बसवली नाही. दहा खेपा पुऱ्या झाल्या. पाच तास झोप लागू लागली. नवरा म्हणाला, "पित्त उतरलं वाटतं." आपल्याला झोप लागते याचीच तिला लाज वाटू लागली.

जानेवारीच्या यादीत चिमणीचं नाव नव्हतं. फेब्रुवारीत ती काम सोडून गेली. मार्चमध्ये सुईबाई तिचं घर शोधत गेली आणि दारातच, बसायच्या आधी, सगळं सांगून टाकलं.

चिमणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढंच? मावशी, आम्ही दोन दिवस हसलो असतो. तिसऱ्या दिवशी निम्म्या जणींनी तुमच्याकडे त्या डॉक्टरणीचा पत्ता मागितला असता. माझी आई पण रात्रभर खोलीत फेऱ्या मारते."

"मी मुकादमांना सांगते. उद्याच."

"त्यांच्या खोलीत नका सांगू. तिथे सांगून काय, ते फक्त तोंड फिरवतील. माझं नाव ओळीसमोर घेतलं होतं. तुम्ही तुमचं ओळीसमोर घ्या."

"घेईन," सुईबाई म्हणाली.

याला चौदा महिने झाले. सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी ओळ शांत असते, तेव्हा ती दोनदा खिडकीबाहेर येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा धातूबंदीचा नियम वाचून आत गेली. चिमणीला दुसरीकडे काम मिळालं. ते तात्पुरतं आहे. सोळा नोव्हेंबरच्या पानावर त्या सुईशेजारी अजून चिमणीचंच नाव आहे. ओळीसमोर ते एक वाक्य बोलायचं राहिलं आहे.