गेजकाकांची धाव

गेजकाका टेकडीवर चालायचे नाहीत, धावायचे. वय अडुसष्ट, पोट सुटलेलं, डाव्या गुडघ्याला पट्टा, आणि वेग असा की चालणारी माणसं "सलाम काका" म्हणत त्यांच्या पुढं निघून जायची. तरी ते धावणंच होतं. नाही म्हणायची कुणाची बिशाद नव्हती.

आम्ही रोज सकाळी निगडीच्या टेकडीवर भेटायचो. मला शुगर निघाली, म्हणून डॉक्टरांनी पिटाळलेलं. त्यांना कुणी पिटाळलं नव्हतं. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं माल तपासला. गेज म्हणजे माप बघायचं साधन. ते सुट्या भागाच्या भोकात नीट बसलं तर माल पास, नाही तर लाल डब्यात. त्यावरून हे नाव पडलं.

धावता धावता ते मध्येच थांबायचे. दम लागलाय हे कबूल करायचे नाहीत. खाली पडलेली पळसाची दोन पानं उचलून माझ्यापुढं धरायचे. "बघा राव, जुळतंय का माप? आमच्याकडं हा अख्खा लॉट परत गेला असता. परमेश्वरानं सगळा पास केलाय." मग त्या पानांचा फोटो काढून, खाली 'निगडीची टेकडी' एवढंच लिहून कुणाला तरी पाठवायचे.

वर पोचलं की टोपी काढायची, कारखान्यांकडं तोंड करून मोठ्यानं प्रार्थना. पहिल्या शिफ्टला निघालेल्यांसाठी, तिसरीवरून सुटलेल्यांसाठी, आणि शेवटी हळूच एका दावीदसाठी. मी आपला मान खाली घालून मुंग्या बघायचो.

नियम एकच. "चढ धावायचा, उतार चालायचा. उतारावर धावलं की गुडघा गेलाच म्हणून समजा." मी एकदा धावलो तर असे खेकसले, जणू मी त्यांच्या हाताखाली कामाला होतो.

"या वयात धावता कशाला काका?" एकदा मी विचारलंच.

त्यांनी वाकून गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. मग सांगितलं. मुलगा दावीद त्यांच्याच खात्यात लागला होता. एक दिवस घरी लवकर जायचं म्हणून त्यानं गेज न लावताच लॉटवर सही ठोकली. काकांनी स्वतः साहेबांना सांगितलं. त्याची नोकरी गेली.

"तेवढं बरोबरच होतं हो. पण घरी येऊन त्याला म्हणालो, तूच रिजेक्ट माल आहेस."

दावीद त्याच दिवशी घर सोडून गेला. आता हिंजवडीत कंपनीची कॅब चालवत होता, राहायला ताथवड्यात. दहा वर्षं बापाचा फोन उचलला नव्हता. पानांचे फोटो त्यालाच जायचे. तो बघायचा, उत्तर द्यायचा नाही.

"प्रभू येशूनं सांगितलेल्या गोष्टीत घर सोडून गेलेला पोरगा परत येतो ना, तेव्हा बाप लांबूनच बघतो आणि धावत जातो. चालत नाही. माझा आला आणि मला धावताच आलं नाही, तर?"

"पानं पाठवता काका, पण चुकलं म्हणून कधी लिहिलंत?"

तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी प्रार्थना संपवली, फोन काढला आणि एका बोटानं लिहिलं, माझं चुकलं.

त्यानंतरच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी एक पांढरी कॅब थांबली. एक माणूस उतरला आणि वर बघत उभा राहिला. काकांनी टोपी माझ्या हातात कोंबली आणि उतारावर धावत सुटले.

"अहो काका, उतार!" मी ओरडलो. ऐकतंय कोण!

मी खाली पोचलो तेव्हा दोघं रस्त्याकडेच्या मातीत बसले होते. पोरगा बापाचा गुडघा चोळत रडत होता. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

गुडघा गेला तो गेलाच. काका आता लेकाकडं असतात, काठी घेऊन सोसायटीत दोन चकरा मारतात. परवा टोपी परत द्यायला गेलो. दावीदनं चहा केला होता.

काकांनी टोपी हातात घेतली, झटकली आणि माझ्याच डोक्यावर ठेवली.

"तुमच्याकडं राहू द्या राव," म्हणाले. "मला जेवढं धावायचं होतं तेवढं धावून झालं."