काळा गाऊन आणि हलव्याचा हार

तीळ भाजल्याचा वास आला की मला लातूरच्या कॉलेजातला आमचा शेवटचा फॅशन शो आठवतो. जुन्या काळच्या इंग्रज विधवांचे पोशाख बघून मी एक गॉथिक गाऊन शिवला होता, काळ्या मखमलीचा, गळ्याला काळी लेस आणि तोंडावर काळी जाळी. माझा नंबर त्याच्यावरच ठरणार होता, पण तो घालायला एकही मैत्रीण तयार होईना. शेवटी नवी वहिनी हौसेनं उभी राहिली. लोह्याहून आलेली आईही म्हणाली, "पहिली संक्रांत हाय पोरीची, काळं चालतंय." दिवे मंद झाले, रडकं संगीत वाजायला लागलं आणि पांढरीफटक पावडर लावलेली वहिनी, मी शिकवलं तशी, मेल्या चेहऱ्यानं चालत आली. ती रॅम्पच्या टोकाला थांबली तशी पहिल्या रांगेतली आई उठली. तिनं पिशवीतून हलव्याचे दागिने काढले, जाळी वर सारली, लेसमध्ये अडकणारा हार ओढून नीट बसवला आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. वहिनीला हसू आवरेना. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, "शिवण उत्तम आहे, पण यातला शोक कुठे गेला?" आई तिथूनच म्हणाली, "शोक कशाचा करायचा बाई? सून हाय ती माझी. लई हौसेनं आणलीय." नंबर अर्थातच गेला. आता नांदेडात माझं दुकान आहे आणि संक्रांत आली की नव्या नवऱ्या तसलेच काळे गाऊन शिवायला टाकतात. गळ्याला लेस मात्र मी लावत नाही. हलवा अडकतो.