वरच्या खिडकीतली पानं

प्रयोगशाळेत तिला पाठीमागे सगळे ‘तोफ’ म्हणत आणि समोर ‘बाई’. राग तिच्या नाकावर नुसता बसलेला नसे, त्याने तिथे बिऱ्हाडच थाटलं होतं. काचेची कुपी कुणी न पुसता यंत्रात ठेवली की तोंडाचा पट्टा सुरू. “यंत्राने पानातलं काय ते मोजायचं, की तुमच्या बोटांचं तेल?” चुका माणसाच्या हातून होतात, हे तिला मान्यच नव्हतं. चुका आळशांच्या हातून होतात, असं तिचं ठाम मत.

यंदा मात्र तोफ खुशीत होती. जन्मभर तिने दुसऱ्यांसाठी पानं कुटली, अर्क गाळले, आणि तिचं नाव यायचं ते शोधनिबंधाच्या शेवटी, आभाराच्या ओळीत, शिपाई आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे. या वेळी ते प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या नावाशेजारी छापून येणार होतं. निवृत्ती तोंडावर आलेली, म्हणजे हे पहिलं आणि शेवटचं. नवऱ्याने ही बातमी न्हाव्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना सांगून टाकली होती.

काम होतं आयव्हीच्या वेलीचं. तिच्या पानांत फिनॉलिक संयुगं असतात. कडक ऊन आणि किडी यांच्यापासून पान त्यांच्याच जोरावर स्वतःला वाचवतं. पान खुडलं की लगेच बर्फात, मग खलात भुकटी, मग त्या भुकटीचा अर्क. अर्कात पिवळं द्रावण घातलं की तो निळा होतो. निळा जितका गडद, तितकी संयुगं जास्त. मागच्या भिंतीवर आपोआप माजलेल्या याच जातीच्या रानवेलीचा निळा बागेतल्या वेलीपेक्षा कितीतरी गडद आला, आणि सर हरखून गेले. रानातली वेल सरस, असं निबंधाच्या नावातच त्यांनी ठोकून दिलं.

मग एका दुपारी तोफ डीप फ्रीजर आवरायला बसली. पिशव्या कशाही कोंबणाऱ्यांचा उद्धार करत तिने उरलेली पानं ट्रेमध्ये ओतली, आणि शिवी अर्ध्यातच थांबली. बागेतलं प्रत्येक पान पंजासारखं, बोटं फुटलेलं. रानवेलीचं प्रत्येक पान सरळ कडेचं. बोट म्हणून नाही.

आयव्ही चढत असते तोवर तिची पानं बोटांची असतात. माथ्यावर पोचून फुलायला लागली की साधी होतात. कोवळ्या आणि जुनाट फांदीच्या पानांची तुलना करायची नसते, हे नव्या पोरांना तीच ओरडून शिकवायची. पण भिंतीच्या बुडाशी वाकायला गुडघे तयार नव्हते, म्हणून तिने वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात घालून फुलोऱ्यातली पानं खुडली होती. एका गावचे आजोबा आणि दुसऱ्या गावचा नातू काट्यावर चढवायचे, आणि म्हणायचं, आजोबांच्या गावचं पाणी अंगी लागतं!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोफ डागायची कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती तशीच फणफणत सरांच्या खोलीत शिरली.

“सर, पानं चुकलीत. माझ्या हातून. खालची खुडून पुन्हा मोजते.”

“कुठून खुडणार? भिंत साफ करून रंग देऊन झाला की,” सर म्हणाले. “आणि निबंध मंजूर झालाय. होतं हो असं. मनाला लावून घेऊ नका.”

“होतं असं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता!”

“या काटेकोरपणासाठीच तर तुमचं नाव घातलंय. त्या नावासाठी तरी गप्प बसा.”

आणि ती गप्प बसली. बाहेर येताना तिला सरांचा जितका राग आला, त्याहून जास्त स्वतःच्या मिटलेल्या तोंडाचा आला. नाव तिला हवं होतं. फार हवं होतं.

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. उभ्या संसारात त्याचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नव्हता. तिने सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, “आता तुम्हीही म्हणा, होतं असं.”

त्याने इस्त्री आपटली. “होतं कसं? जगावर डाफरायला तोंड आहे, आणि ‘माझे गुडघे दुखतात, तू वाकून पानं खुड’ एवढं म्हणायला नव्हतं? वर त्या नावाला चिकटून बसणार? लाज नाही वाटत?”

अख्ख्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी तिला माणसासारखं वागवलं होतं. मग तिने फोन उचलला.

“सर, माझं नाव काढा.”

“बरं बाई, आभारात घालतो.”

“आभारात नको. एकाच ठिकाणी छापा, चुकीची पानं कुणी खुडली ते लिहाल तिथे. तुम्ही नाही लिहिलंत तर मासिकाला मी कळवते.”

निबंध मागे घ्यावा लागला. सर अजून तिच्याशी बोलत नाहीत. नवऱ्याने मात्र न्हाव्यापासून व्याह्यांपर्यंत पुन्हा एक फेरी मारली, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात.

“कशाला सांगत सुटलात?” ती कडाडली. “नाव तर आलंच नाही!”

“तेच सांगतोय,” तो म्हणाला.