कापा फणसाची सांदणं

ब्लॉगच्या जमान्यात गावातले पेपर टिकतील का, असं माझी मुलगी मला विचारते. विचारते कसली, टिकणार नाहीत असं सांगूनच मोकळी होते. तिनेच मला ब्लॉग काढून दिलाय. 'आई, इथे लिही, जगभर वाचतील तुला.' अगं बाई, जगाला घेऊन काय करू? मला एकेकाळी फक्त एका माणसाने वाचायला हवं होतं, आणि तो ठाण्यात वर्तकनगरला राहत होता.

तो माणूस म्हणजे माझे वडील. मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं होतं. आमचं घर रत्नागिरीकडचं. पैसा बेताचा, ताठा भरपूर. 'हिचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही,' असं वडिलांनी सांगितलं आणि विषय संपला. आम्ही दोघं डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. डोंबिवली-ठाणे अंतर ते काय! पण माझी पत्रं न फोडताच परत यायची.

ठाण्यात तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. चार पानांचं, शाई बोटांना लागणारं. कल्याणपर्यंतच्या बातम्या त्यात असायच्या. पाणी कधी येणार, कुठल्या सोसायटीत हळदीकुंकू झालं, रांगोळीत कुणाचा नंबर आला. आणि नावं! नुसती नावंच नावं. संपादक म्हणायचे, 'लोक बातमी विसरतात हो, छापलेलं नाव नाही विसरत.' वडील त्या पेपरचे पक्के वाचक. पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे, लाल पेनाने चुका काढायचे आणि संपादकांना खरमरीत पत्र टाकायचे. एसटीची वेळ चुकली, पत्र. टेंभी नाक्याच्या देवीची मिरवणूक कुठून वळली ते चुकलं, पत्र. 'यांना जेवण नको, नुसती चूक वाढा,' असं आई म्हणायची.

एक दिवस डोंबिवली स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मला तोच पेपर दिसला आणि मी जी सुटले! रांगोळीत भाग घेतला, उत्तेजनार्थ बक्षीस आलं, नाव छापून आलं. त्यापुढे माहेरचं आडनावही मी हट्टाने घालायला लावायचे. तुंबलेल्या गटारांवर पत्रं लिहिली, बंद दिव्यांवर लिहिली. नवरा चिडवायचा, 'अगं, गटारावर लिहून बापाचं मन वळतं का कुठे?' मी म्हणायचे, 'नाव काढायचं नाही म्हणाले होते, वाचायचं नाही असं नव्हते म्हणाले!' मुलगी झाली, ती सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली, तेही छापून आलं. फोटोसकट. वर्तकनगरहून हूं नाही की चूं नाही. त्या आठवड्यात मी फार रडले.

मग नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मी सांदणांची, म्हणजे फणसाच्या रसातल्या गोड इडल्यांची, कृती लिहिली आणि नेहमीसारखी स्वतः ठाण्याला नेऊन दिली. टेंभी नाक्याजवळ छापखाना, त्यातच संपादकांचं टेबल. बाहेर वर्तकनगरची बस दिसायची. दर खेपेला मी तिची पाटी वाचायचे आणि मुकाट्याने स्टेशनकडे वळायचे.

संपादकांनी कृती वाचली आणि चष्मा काढला. 'कापा फणस घ्यावा? अहो, तुम्ही रत्नागिरीच्या ना? सांदणं बरक्या फणसाची. कापा म्हणजे कडक गरे, त्याचा रस निघालाय का कधी?'

'माहितीये मला. तसंच छापा.'

'सगळं कोकण येऊन मला शिव्या घालेल!'

'घालू दे. मला त्यातलं एकच पत्र हवंय,' मी म्हटलं, आणि कागदावरच्या माझ्या माहेरच्या आडनावावर बोट ठेवलं.

वडिलांच्या लाल पेनाचा मार खाऊन खाऊन संपादक त्यांना चांगलेच ओळखत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद खिळे जुळवणाऱ्याकडे दिला.

शिव्या पडल्या. पुढच्या अंकात अर्धं पान पत्रं होती. कल्याणच्या एका बाईंनी तर माझी अक्कलच काढली. मी एकेक नाव वाचत गेले. वडिलांचं पत्र नव्हतं. ते आलं त्याच्या पुढच्या अंकात, कोपऱ्यात, खाली नुसतं 'एक वाचक, वर्तकनगर' असं. ते कात्रण अजून आहे माझ्याकडे.

'सा. न. वि. वि. सांदणांची कृती वाचून खेद झाला. कापा फणसाची सांदणं आमच्याकडे कधीही झालेली नाहीत, हे लेखिकेस ठाऊक असावयास हवे. लेखिकेच्या आईस ती उत्तम येतात. तरी लेखिकेने समक्ष येऊन शिकून घ्यावे. सोबत येणाऱ्यांसही फणस चालत असेल असे धरतो. बरका आणून ठेवला आहे. फार दिवस टिकत नाही.'

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं त्या बसमध्ये चढलो. दार वडिलांनीच उघडलं. 'कापा म्हणे!' एवढंच बोलले आणि नातीला उचलून आत घेऊन गेले. नंतर आई सांगत होती, माझं नाव आलं की हे पेपर तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'माझे डोळे दुखतायत, तू मोठ्याने वाच.'

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पेपरही बंद पडला. मुलीला मी सांगते, गावाचा पेपर टिकवायचाय ना, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं छापा, आणि चुकलं की घरच्यासारखा रागावणारा वाचक सांभाळा. ती म्हणते, 'आई, तुझं आपलं काहीतरीच.'

गेल्या उन्हाळ्यात मी ब्लॉगवर सांदणांची कृती टाकली. कापा फणस घ्यावा, असंच लिहिलंय. खाली खूप जणांनी लिहिलंय. 'यम्मी!' 'मस्त हो काकू!' कॅनडाहून एक मुलगी म्हणते, नक्की करून बघेन. मी अजून रोज सकाळी उघडून बघते. कुणीही रागावलेलं नाही.