दुधाआधीचं खाणं

मेव्हण्यानं मुरबाडहून माझ्या बायकोला गाय आणून दिली तेव्हा खर्डीजवळच्या आमच्या गावात गर्दी लोटली. मी सांगत सुटलो, "शिंगं एवढी रुंद, की दोन टोकांवरच्या कावळ्यांची ओळख होत नाय!" बायको नुसती हसायची. गाय तिची, मिरवायचो मी.

गाय गाभण होती, दूध आटलेलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवू नका. ही खनिजांची पावडर आतापासून रोज धान्याच्या भरड्यात घाला."

माझ्या बाबांनी डबा फळीवर ठेवून दिला. "दूध देत नाय तिला कसला खुराक गो? विऊ दे, मंग घालू."

मीही री ओढली, "आमाला कधी आगाऊ मजुरी मिळाली, म्हणून गाईला द्यायची?"

बायको म्हणाली, "तुमी कामावर जेवून जाता का उपाशी?"

आम्ही दोघं खो खो हसलो. डबा फळीवरच राहिला.

गाय व्याली, गोजिरी कालवड झाली. पण वासरामागून पडायची ती वार पडेना, निम्मी लोंबत राहिली. बाबांनी बांबूचा पाला चारला. शेजाऱ्यानं वजन म्हणून वारेला जुनी चप्पल बांधली. "गाय चप्पल घालून बाजाराला निघाली," मी नाक्यावर सांगितलं, लोक पोट धरून हसले. घरी आलो तर गोठ्यात घाण वास, आणि गाईनं रवंथ सोडलेला.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण ताप पार भिनला होता. "वार अडकायला कारणं बरीच असतात," ते म्हणाले. "पण हिच्या अंगात होतं नव्हतं ते वासरानं ओढून घेतलं. पावडर घातली होती ना?"

बायकोनं फळीवरचा न उघडलेला डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. गाय गेली.

मेव्हणा आला. "रडू नको बाय, दुसरी देतो."

"नको रे दादा. इथं आधी दूध मागतात, मंग खायला घालतात. ही कालवड तेवढी घेऊन जा."

असल्या वेळी माझ्याकडे शंभर थापा तयार असतात. त्या दिवशी मी नुसतं कालवडीचं दावं सोडून मेव्हण्याच्या हातात दिलं. बाबा बांधापर्यंत त्यांच्यामागून गेले, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मेव्हणा त्यांचा हात बाजूला होईपर्यंत थांबला, मग दावं ओढून मुरबाडच्या वाटेला लागला.